गारव्याचा जमाखर्च

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, अहमदाबादच्या रस्त्यांवर पारा ४४ अंशांच्या आसपास रेंगाळत असताना, आमच्या शाखेत माझ्या खुर्चीच्या पाठीवर एक लोकरी शाल टाकलेली असे. मी मूळची भुसावळची. उन्हाळा म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. अंगणात पाणी शिंपडून खाटा टाकणे, दुपारी दारे-खिडक्या लोटून घेणे आणि माठाला ओले फडके गुंडाळणे यातच आमचे बालपण गेले. त्यामुळे बदलीच्या निमित्ताने या शहरात आले तेव्हा इथल्या उन्हाचे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते त्या शालीचे. शेजारच्या टेबलावरील सहकारी भगिनीही स्वेटर घालून बसत. आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निवृत्तिवेतनासाठी आलेल्या एक आजी, आपला क्रमांक पुकारला जाईपर्यंत, पदराने खांदे झाकून शाखेच्या पायरीवर जाऊन बसल्या होत्या. विचारले तेव्हा म्हणाल्या, आत थंडी वाजते. मे महिन्यात ऊब घेण्यासाठी उन्हात जाऊन बसलेली व्यक्ती मी तेव्हा प्रथमच पाहिली.

शाखेचे रिमोट कुणाच्या ताब्यात असावे, याविषयी कोणतेही परिपत्रक नाही. रिवाज असा की, बाहेरून तापून आलेला जो प्रथम हाती घेईल तो तापमान थेट १८ अंशांवर नेऊन ठेवतो. आकडा जितका खाली, तितक्या लवकर खोली गार होईल, अशी यामागची समजूत. वस्तुतः साध्या यंत्रातील कॉम्प्रेसर एकाच गतीने चालतो. १८ सांगा किंवा २५, पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत खोली सारख्याच वेगाने गार होते. फरक पडतो तो नंतर. २५ अंशांवर ठेवलेले यंत्र मधूनमधून विसावा घेते, तर १८ अंशांवर ठेवलेले अहमदाबादच्या उन्हाळ्यात दिवसभर थांबतच नाही, कारण तो पल्ला त्याला गाठताच येत नाही. तोवर रिमोट हाती घेणारे गृहस्थ आपल्या कामात गढून गेलेले असतात आणि आम्ही शाली शोधत असतो.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. कोणत्याही गोष्टीचा विचार करताना तिची जमेची आणि नावेची बाजू मनात मांडून पाहण्याची खोड त्या शिक्षणाने लावली आहे. वातानुकूलन यंत्र गारवा ‘निर्माण’ करते असे आपण म्हणतो. पण ही नोंद एकेरी झाली. यंत्र उष्णता नष्ट करीत नाही, ती फक्त आतून उचलून बाहेर टाकते. एक युनिट वीज खर्चून ते साधारण तीन युनिटांइतकी उष्णता खोलीतून काढते, आणि खर्ची पडलेली वीजही अखेर उष्णताच होते. म्हणजे बाहेर जाते ती चार युनिटांइतकी उष्णता. आपल्या खात्यावर तीनचा गारवा जमा, बोळाच्या खात्यावर चारची उष्णता नावे. अमेरिकेतील फिनिक्स या वाळवंटी शहराविषयी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वातानुकूलन यंत्रांनी बाहेर टाकलेल्या उष्णतेमुळे रात्रीचे तापमान एका अंशाहून अधिक वाढू शकते, असे दिसून आले होते. आपल्या शहरांतील अरुंद गल्ल्यांचे काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

या नोंदीतील नावेची बाजू मला पुस्तकात नव्हे, तर आमच्या शाखेच्या दारातच दिसली, आणि तीही माझी चूक होऊन गेल्यावर. शाखेचा किरकोळ खर्च आणि देखभाल यांचे काम माझ्याकडे आले, तेव्हा सर्वप्रथम माझ्या डोळ्यांवर आले ते उघडे दार. आमचे सुरक्षारक्षक माजी सैनिक आहेत, वयाने साठीच्या जवळ आलेले. ग्राहक आत आला की ते अदबीने दार उघडत आणि नंतर ते चार बोटे उघडेच ठेवीत. आतला गारवा त्या फटीतून रस्त्यावर वाहून जाई. मी दोन-चार वेळा, “काका, दार लोटून घ्या,” असे सांगितले. “हो बेन,” असे म्हणून ते दार लावीत आणि अर्ध्या तासाने फट पुन्हा दिसू लागे. एके दिवशी मी जरा आवाज चढवूनच बोलले. त्याच दुपारी, वीजजोडणीची तपासणी करायला आलेल्या माणसाबरोबर मला दहा मिनिटे बाहेर उभे राहावे लागले. एटीएमच्या खोलीचे आणि व्यवस्थापकांच्या कक्षाचे अशी दोन्ही बाहेरची युनिटे काकांच्या स्टुलाच्या बरोबर वर, हातभर अंतरावर बसवलेली होती. त्यांचे पंखे तापलेली हवा त्यांच्या पाठीवर फेकीत होते. दिवसभर. चार बोटांची ती फट हाच काय तो त्यांचा विसावा होता, आणि वीजबचतीच्या नावाखाली मी तोच बंद करायला निघाले होते.

त्यानंतर ऊर्जाबचतीविषयीचे माझे मत बदलले असे म्हणता येणार नाही. पण तिची सुरुवात कुठून करावी, याविषयीचे मात्र नक्कीच बदलले. या शहराला उन्हाचे मोल चांगले ठाऊक आहे. २१ मे २०१० रोजी येथे ४६.८ अंश तापमानाची नोंद झाली. त्या महिन्यात, नंतर झालेल्या अभ्यासानुसार, अन्य वर्षांच्या तुलनेत १,३०० हून अधिक जादा मृत्यू झाले. त्यातूनच २०१३ साली महानगरपालिकेने उष्णतेच्या लाटेस तोंड देण्याचा कृती आराखडा तयार केला. दक्षिण आशियातील शहरी पातळीवरचा तो पहिलाच म्हणून ओळखला जातो. तेव्हा ‘यंत्रे बंद करा आणि सोसा’ असे सांगणारा हा लेख नाही. उष्णता माणसाला मारते. मुद्दा इतकाच की, शाखेच्या आत बसलेल्यांना शाल लागेल इतका गारवा आणि दारात उभ्या असलेल्याला भट्टी, या वाटपाला काटकसरही म्हणता येत नाही आणि सुखसोयही.

आता थोडा हिशोब. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्यानुसार, यंत्राचे तापमान एका अंशाने वर ठेवले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. २० ऐवजी २६ ठेवले तर सहा अंश, म्हणून ३६ टक्के, असा हिशोब कुणी मांडील. पण घसारा जसा घटत्या शिल्लक रकमेवर आकारतात, तशीच ही घटही धरायला हवी. तरीही ती ३१ टक्क्यांच्या घरात जाते. दीड टनाची आठ यंत्रे, प्रत्येकी ताशी दीड युनिट, दिवसाचे नऊ तास आणि महिन्याचे २४ दिवस असे धरले, तर साधारण २,६०० युनिटे होतात. त्यातली ८०० वाचतात. व्यापारी दराने ही रक्कम किती होते, हे आपापल्या बिलावरून ताडून पाहावे. (जाता जाता सांगावेसे वाटते, ‘टन’ हे यंत्राचे वजन नव्हे. सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता बाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. बर्फाच्या लाद्यांनी खोल्या आणि गोदामे गार करण्याच्या काळातले हे माप आजही टिकून आहे. आमच्या एका कर्जदार ग्राहकाने मात्र यंत्र भिंतीवर बसवण्याआधी, भिंतीला दीड टन पेलेल का, अशी चौकशी केली होती.)

१ जानेवारी २०२० पासून तारांकित वातानुकूलन यंत्रे सुरू होताच २४ अंशांवर असावीत, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण तो यंत्राच्या सुरुवातीपुरता. पुढे रिमोट आपल्या हाती असतो. आणि शाखांमधून त्याआधीची यंत्रेही अद्याप चालू आहेतच.

२६ अंश म्हणजे फार गरम, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे पडले. मी त्यांना दोष देत नाही. अनुभव असा की, स्थिर हवेतले २६ अंश खरोखरच कोंदट वाटतात, पण तीच हवा पंख्याने हलती ठेवली तर दोन-तीन अंश अधिकही सुखाचे वाटतात. अडचण अशी होती की, काही वर्षांपूर्वीच्या नूतनीकरणात शाखेला खोटे छत बसले आणि छताचे पंखे निघून गेले. आधुनिक बँकेला पंखा शोभत नाही, अशी त्या वेळची धारणा असावी. आम्ही भिंतीवरचे पंखे लावले. पावत्या आणि धनादेश उडतील ही भीती रोखपालांनी व्यक्त केली, आणि ती रास्त होती. पहिल्या दिवशी एक जमापावती थेट लॉकरच्या दारापर्यंत पोहोचली. मग अडगळीच्या खोलीतून काचेचे जुने पेपरवेट शोधून काढले. साधा पंखा ताशी ७५ वॅट वीज घेतो, असे लोक म्हणतात. शुद्ध बोलायचे तर तो ७५ वॅटचा असतो, आणि नव्या पद्धतीच्या मोटरचा पंखा ३० ते ३५ वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. दीड टनाच्या एका यंत्राला लागणाऱ्या विजेत असे चाळीसेक पंखे चालतील.

माणसाचे शरीर सवयीने घडते, हे केवळ घरगुती शहाणपण नव्हे. अहमदाबादच्याच सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी देशातील पाच शहरांतील कार्यालयांमध्ये जाऊन तेथे काम करणाऱ्यांना कोणते तापमान सुखद वाटते याचा अभ्यास केला, आणि भारतीय माणूस परदेशी मानकांनी गृहीत धरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक उष्ण हवेतही सुखाने काम करू शकतो, असे त्यातून पुढे आले. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत या पद्धतीचा समावेश झाला. शालींच्या प्रश्नाचे उत्तर मात्र नेदरलँड्समधून मिळाले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील एका संशोधनाने दाखवून दिले की, कार्यालयीन तापमानाची प्रचलित मानके १९६० च्या दशकातील असून ती एका मध्यमवयीन पुरुषाच्या शरीरातील उष्णतानिर्मिती गृहीत धरून बेतलेली आहेत. स्त्रियांच्या शरीरात ही निर्मिती कमी असते. आमच्या शाखेत निम्म्या स्त्रिया आहेत, हे मी व्यवस्थापक साहेबांच्या निदर्शनास आणून दिले. ते हसले, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या कक्षातले यंत्र २५ वर होते.

या सर्व खटाटोपात मला सर्वाधिक समाधान ज्या गोष्टीने दिले, तिला विजेचा स्पर्शही नाही. आमच्या शाखेची दर्शनी बाजू पश्चिमेकडे आहे, आणि ती पूर्ण काचेची आहे. दुपारी दोननंतर सूर्य त्या काचेतून सरळ आत उतरतो आणि ठेव विभागातील टेबलांपर्यंत येतो. आतून पडदे होते, परंतु काचेतून एकदा आत आलेली उष्णता पडद्यामागे अडकून राहते, बाहेर जात नाही. ऊन अडवायचे तर ते काचेच्या बाहेरच अडवले पाहिजे. ही गोष्ट मला सुचली असे सांगणे खोटेपणाचे ठरेल. आश्रम रस्त्यावर गिरणी मालक संघाची एक इमारत आहे. ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाने रचलेली ही इमारत १९५४ मध्ये पूर्ण झाली. तिची पश्चिमेकडील बाजू तिरप्या उभ्या काँक्रीटच्या पडद्यांनी झाकलेली आहे. मावळतीचे ऊन त्यांवर अडते. नदीकडच्या पूर्व बाजूचे पडदे मात्र सरळ आहेत, वारा आत यावा म्हणून. दररोज बसमधून जाताना मी ती केवळ एक जुनी इमारत म्हणून पाहत असे. तिचे तिरपे पडदे म्हणजे एक उत्तर आहे, हे लक्षात यायला मला दुसरा उन्हाळा लागला. आम्ही काही काँक्रीट ओतले नाही. बांबूच्या चिका आणून काचेच्या बाहेरून, हातभर अंतर सोडून टांगल्या. शाखेच्या नावाचा फलक झाकला जाऊ नये म्हणून उंचीची बरीच घासाघीस झाली. कारण ग्राहकाला बँक दिसली पाहिजे, हा आक्षेप वाजवी होता. चिका लावल्यानंतर दुपारी ठेव विभागात दिवे लावावे लागतील अशी भीती होती, तीही खरी ठरली नाही.

बाकीच्या गोष्टी रोजच्या आहेत आणि बहुतेक वाचकांना ठाऊक असतील. धुळीच्या दिवसांत यंत्रांच्या जाळ्या पंधरवड्यातून धुणे, कामकाज संपण्यापूर्वी अर्धा तास यंत्रे बंद करणे, जुन्या नळ्या काढून एलईडी लावणे. त्या नळ्या स्वतः तापतात आणि ती उष्णता बाहेर काढायला पुन्हा यंत्रालाच वीज लागते, हा त्यातला दुहेरी भुर्दंड. ज्या ग्राहकांचे कारखाने वा मोठी दुकाने आहेत, त्यांनी बिलातील स्थिर आकाराचीही ओळ वाचावी. मोठ्या जोडणीत केवळ किती युनिटे वापरली यावरच नव्हे, तर एका वेळी जास्तीत जास्त किती भार घेतला यावरही आकार लागतो. सकाळी साडेनऊला सर्व यंत्रे एकदम सुरू करण्याचा मोह त्यामुळे महाग पडू शकतो.

एक चूकही नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. बचतीच्या पहिल्या उत्साहात मी यूपीएसच्या खोलीतील वातानुकूलन यंत्र रात्री बंद ठेवण्यास सांगितले. खोलीत कुणी माणूस बसत नाही, मग गारवा कशाला, असा माझा युक्तिवाद होता. बिल कमी आले, मी खूश झाले. पुढील वर्षी बॅटऱ्यांचा संच मुदतीच्या बराच आधी निकामी झाला. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर प्रत्येक दहा अंशांना साधारण निम्मे होते, हे मला तंत्रज्ञाकडून कळले, पण नवा संच मागवल्यानंतर. एका वर्षाच्या नफा-तोटा पत्रकात दिसलेला नफा दुसऱ्या वर्षी व्याजासह वसूल झाला. म्हणून सांगते, जिथे माणूस नाही तिथे यंत्र बंद, हा सोपा नियम बँकेच्या शाखेला लागू पडत नाही. एटीएम आणि संगणकाचा सर्व्हर यांनाही मर्यादित तापमान लागतेच. ते १८ अंश असण्याची मात्र गरज नाही. आज सर्व्हरसाठी २७ अंशांपर्यंतचे तापमान शिफारशीत बसते.

जपानने २००५ साली ‘कूल बिझ’ या नावाने उन्हाळ्यात कार्यालयांचे तापमान २८ अंशांवर ठेवण्याची मोहीम सुरू केली, आणि त्यासाठी टाय आणि कोट उतरवून ठेवण्यास सांगितले. पंतप्रधान कोइझुमी स्वतः विनाटाय वावरू लागले. वरिष्ठांसमोर उघड्या गळ्याने जाणे अशिष्ट मानणाऱ्या देशात हे घडले. आपल्याकडे अनेक वित्तसंस्थांतील तरुण अधिकारी मे महिन्यातही टाय बांधून ग्राहकाकडे जातात, घामाघूम होतात, आणि परत येऊन रिमोट हाती घेतात. त्यांना दोष कसा द्यावा? टायचा नियम ज्यांनी केला, त्यांनी तापमानाचाही नियम करावा, किंवा दोन्ही सोडून द्यावेत. एप्रिल ते जून या काळात अर्ध्या बाह्यांचा सुती सदरा हाच शिष्टसंमत पोशाख मानला, तर बँकेची प्रतिष्ठा कमी होईल, असे मला वाटत नाही.

३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २,५०,००० मेगावॅटपर्यंत गेली. तोवरचा तो उच्चांक होता. अशा दिवशी एका शाखेची दोन-चार यंत्रे म्हणजे समुद्रातला थेंबही नव्हे, हे मला कबूल आहे. परंतु राष्ट्रीय बँकेची शाखा ही एकटी कधीच नसते. हजारो शाखांत तेच फर्निचर, तेच खोटे छत, तीच काच आणि रिमोटविषयीचे तेच मौन असते. म्हणूनच हा प्रश्न एखाद्या अधिकाऱ्याच्या हौसेवर सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माझी बदली झाली की चिका अडगळीत जातील, ही शक्यता मी नाकारू शकत नाही. शाखेच्या तपासणीत लेखनसामग्रीच्या साठ्याविषयी बारकाईने विचारणा होते. कार्बन पेपरची हकीकत अशी विचारली गेलेली मी स्वतः पाहिली आहे. त्याच तपासणी अहवालात तीन ओळींची भर घालावी. ग्राहक कक्षाचे तापमान किती आहे? गेल्या वर्षी याच महिन्यात विजेची किती युनिटे वापरली गेली? आणि बाहेरचे युनिट कुणाच्या डोक्यावर आहे?

आमच्या शाखेतील त्या दोन युनिटांपैकी एक आता गच्चीवर गेले आहे. दुसरे हलवणे इमारतीच्या मालकांच्या परवानगीअभावी अजून राहिले आहे. त्यासाठी मी तिसरे पत्र लिहिले आहे. काकांचे स्टूल दाराच्या दुसऱ्या बाजूला, सावलीत सरकले असून तिथे एक भिंतीवरचा पंखा बसला आहे. दार आपोआप मिटणारे केले आहे. ते आता बहुतेक वेळा मिटलेलेच असते, आणि त्याबद्दल कुणाला काही सांगावे लागत नाही.

येत्या उन्हाळ्यात आपल्यापैकी कुणी आमच्या शाखेत आलात, तर आत शिरताच अंगावर काटा येणार नाही. काहींनी तशी तक्रार नोंदवहीत केलीही आहे, आणि तिला आम्ही रीतसर उत्तर दिले आहे. दोन मिनिटे पंख्याखाली बसावे. दाराजवळच्या तिवईवर वाळा घातलेला माठ आहे. त्यातले पाणी शिपाईमामा रोज सकाळी बदलतात.